शब्द टाकून पाहिला

खोली क्रमांक एकशे सोळा, प्रगत इंग्रजी.
मुलं एकोणीस, संदर्भग्रंथ तीन.
एक शब्दकोश माझा, घरून आणलेला.
दुसऱ्याच्या पाठीला प्लंबर लावतात ती चंदेरी पट्टी.
तिसऱ्यावर शिक्का : काउंटी तुरुंग वाचनालय, रद्द.
"सुटला बिचारा," टॅविऑन म्हणाला
आणि एकटाच हसला.

मेमध्ये परीक्षा. त्याच दिवशी, त्याच मिनिटाला
जॅक्सनच्या उपनगरातली मुलंही तोच पेपर उघडतील.
त्यांच्या ग्रंथालयात म्हणे सोफे आहेत.

सप्टेंबरात मी जिल्हा कार्यालयात शब्द टाकला.
मिस्टर हॉलोमननी शब्द दिला.
ऑक्टोबरात पुन्हा दिला.
नाताळापर्यंत त्यांनी इतके शब्द दिले
की त्यांचाच एक कोश बांधून झाला असता,
परिशिष्टासकट.
फेब्रुवारीत कळलं, पैसे छपराला गेले.
छप्पर गळत होतं, हे खरंच. मी भांडले नाही.
तोंडाला पानं पुसली म्हणावं,
तर पुसायलासुद्धा पानं नव्हती.

मग पत्रं लिहिली. चर्चला, वकिलांना,
कॅटफिश साफ करणाऱ्या कारखान्याला,
जिथे निम्म्या मुलांच्या आया रात्रपाळीला असतात.
खोकी आली.
हरणाची शिकार कशी करावी, नऊ प्रती.
एकोणीसशे ब्याऐंशीचे आयकर नियम.
फक्त ग्रेपफ्रूट खाऊन वजन कसं उतरवावं.
आभाराची पत्रं ज्युबिलीने लिहिली,
प्रत्येकात दोन अर्धविराम घालून,
कारण त्या आठवड्यात आम्ही अर्धविरामावर होतो.

मार्चमध्ये एकच पुस्तक आलं, पण खोकं दोघांनी उचललं.
पाठवणाऱ्या मिसेस युलाली स्ट्रिंगफेलो,
कोर्टातल्या निवृत्त लघुलेखिका.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी पानं,
आणि जो शब्द कधी अडला त्याच्याशेजारी
पेन्सिलचं एक टिंब.

त्या दिवशीचा धडा तसाच राहिला.
पर्जरी. ॲलिबाय. हे कामाचे, कळलं.
मग मध्येच विस्टेरिया.
ॲलिमनीला दोन टिंबं. मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घातली.
बायोप्सीचं टिंब हललेलं, पुच्छ असलेलं.
आणि रेमिशन.

त्याखाली अर्थांची उतरंड :
कर्जाची माफी, पापाची क्षमा,
शिक्षेतली सूट,
आजाराने एक पाऊल मागे घेणं.
बाईंनी कुठला शोधला असेल?
कोर्टाचा, डेस्टिनी म्हणाली, त्यांचा धंदाच तो.
दवाखान्याचा, ज्युबिली म्हणाली, टिंब बघ ना.
घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.
पुरावा काय, असं मी वर्षभर विचारत होते;
आज ते एकमेकांना विचारत होते.

टॅविऑन गप्प होता. मग बोट ठेवून म्हणाला,
"मला तिसरा पाहिजे."
कुणी काही बोललं नाही.
वर्ग एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

संदर्भग्रंथ खोलीबाहेर नेऊ नये,
हा नियम फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे.
शुक्रवारी मी त्याच्याकडे पाठ करून तो फळा पुसला, बराच वेळ.
त्याने कोश आपल्या जॅकेटात गुंडाळला,
तान्ह्याला घेतात तसा छातीशी घेतला,
आणि बसमध्ये चढला.

एकोणीस मुलं, चार पुस्तकं. शुक्रवार ते सोमवार तीनच.
हॉलोमनना नवं पत्र लिहायला घेतलंय,
पहिलं वाक्य अजून जमत नाही.

सोमवारी कोश परत आला.
त्याला माशाचा थोडा वास होता,
आणि कुठेतरी आत एक नवं टिंब असणार.
मी शोधलं नाही.